खलनायकाची मिशी

आमच्या रफिकले बकवास पिक्चरचा भलताच शौक! मेकॅनिक माणूस, पण पिक्चर पडला असं आयकलं की गॅरेज बंद करून पाहाले निंघते. परवा दिग्रसच्या टॉकीजमंधी मलेही ओढत नेलं. मी आधीच बजावलं, "पाच वाजता आमच्या गावाची शेवटची बस हाये. मी अर्ध्यातून उठीन."

पिक्चर म्हणजे निस्ता कहर! हिरो नदीतून निंघाला तो कोरडाठाक. खलनायकाची मिशी एका बाजूनं सुटून राह्यली होती, अन् तो तसाच धमक्या देऊन राह्यला होता. रफिक हसून हसून खुर्चीतून घसरे. मी भडकलो, "अबे, पैसे देऊन डोकं फिरवून घेऊन राह्यलो आपण!"

"मंग जाय ना भाऊ. पावणेपाच झाले."

"थांब, एवढा सीन होऊ दे."

बस गेली. स्टँडवर बायकोचा फोन आला, तं मी तिच्यावरच खेकसलो, "इतका फालतू पिक्चर जन्मात नाही पाह्यला!"

"मंग उठून याचं होतं ना!"

"कसा उठू? त्याची मिशी पडाची बाकी होती!"

तं बायको हळूच इचारते, "पडली काय मंग?"