इंजिन आणि पायगुण

सासरी कसं चाललंय विचारता, तर ऐका. लग्नाला महिना झाला होता. मामंजींच्या दगडाच्या खाणीवर भाकरी घेऊन गेले, तर पाणी उपसायचं इंजिन खाली तळातच. मी ह्यांना हळूच म्हटलं, "आभाळ भरलंय, इंजिन वर घ्यायचं का?"

मामंजींनी ऐकलं. "खाण आमची हाय का तुझ्या बापाची?"

दुपारी वळीव असा कोसळला, की खाणीचं तळं झालं आणि इंजिन बुडालं. आत्याबाई दारात उभ्या राहून गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाल्या, "नव्या सुनेचा पायगुण बघा की."

मग कामावरच्या बायामाणसांनी घागरी-बादल्यांनी बारा दिवस पाणी उपसलं. त्या रांगेत मीही होते. तळ दिसल्यावर मामंजींनी नारळ फोडला. लोक म्हणाले, "म्हाताऱ्याची पुण्याई मोठी."

परवा पुन्हा आभाळ भरलं. मामंजी गड्यांवर खेकसले, "इंजिन आधी वर घ्या. एवढी अक्कल बाईमाणसालाबी असती."

मी मान खाली घालून त्यांना भाकरी वाढली.