मशरूमच्या खोलीची कडी

तुम्ही खोली बांधायचं म्हणता म्हणून सांगते, कडीचा विचार आधी करा.

आमची मशरूमची खोली बांधताना मिस्त्री टाइल्स लावा म्हणत होता, धुवायला सोप्या. पण आत सारखं पाणी मारावं लागतं आणि आमची चार वर्षांची माही चालत नाही, पळतेच. दिवसभर माझं एकच, पळू नको, एका जागी बस. म्हणून मी खरबरीत कोबा घालून घेतला. दार लोखंडी, कडी बाहेरून आणि उंच.

मिस्त्री म्हणाला, "ताई, दोन्हीकडून उघडते ते हँडल लावा."

"कायले? हँडल त माहीले फिरवता येते."

घरातही सगळ्यांना बजावलं होतं, दार लोटलेलं दिसलं की कडी घाला.

एका सकाळी मी आत पाणी मारत होते. सासूबाईंना वाटलं मी स्वयंपाकघरात आहे. देवळात जाता जाता त्यांनी कडी घातली. माही अंगणात एकटी, आणि बाजूलाच विहीर. मी दार बडवलं.

"माही, आजीले बोलाव."

"आजी गेली."

"कडी निघते का पाहा."

"माहा हात नाई पुरत."

मग आवाजच बंद. मी हाका मारून मारून रडायला लागले. तेवढ्यात अगदी दाराजवळून ती बोलली, "आई, रडू नको. मी इथंच बसून राहिली. तू पळू नको, खाली ओलं हाये."

सासूबाई येईपर्यंत ती थोड्या थोड्या वेळानं विचारत होती, "बसली ना तू एका जागी?"