घट गेली कुठं?

अण्णा, तुम्ही सराफी पेढी उघडताय, म्हणून विचारतो. गिऱ्हाइकानं विश्वास कशावर ठेवावा, आपल्या शब्दावर की आपल्या वहीवर?

वळसंगची गंगूबाई दर सुगीला माझ्याकडून गुंजभर सोनं घ्यायची. लेकीचं लग्न ठरलं, तसं तिनं ते सगळे तुकडे माझ्याच दुकानात मणी करायला दिले. मणी तोलले, तर दोन गुंजा कमी भरले.

"घडवताना घट जातेच, बाई," मी म्हणालो.

"शेठ, व्याही काट्यावर तोलून घेनार हाय. घट ग्येली कुटं, ते सांगा की!"

तेव्हा मी पदार्थविज्ञानाचं एक पुस्तक वाचत होतो. म्हटलं, जरा ज्ञान पाजळावं. "अहो, सगळं जग परमाणूंचं बनलंय. सोनं कितीही बारीक करा, डोळ्यांना दिसेनासं झालं तरी ते सोनंच राहतं. नाहीसं होत नाही."

"व्हय? मंग हितंच आसंल की!"

बाईनं पदर खोचून केरसुणी उचलली. माझ्याच ज्ञानानं माझं दुकान झाडून निघालं! सगळा केर घेऊन ती झारेकऱ्याकडे गेली. सराफांचा केर धुऊन सोनं काढणं हाच त्याचा धंदा. संध्याकाळी परत आली ती तीन गुंजा सोनं घेऊनच.

दोन गुंजा तिनं ठेवल्या, एक माझ्यापुढं सरकवली. "ही माजी न्हाय. दुसऱ्या कुनाची तरी घट आसंल. ज्येची त्येला द्या."

कुणाला देणार? कुणाची किती घट गेली, हे मी कधी लिहिलंच नव्हतं.

तेवढं तुम्ही लिहा, अण्णा. हिशेब चोख ठेवा, केराचासुद्धा.