अंबादासभाऊंचा सोडा आणि माझी साक्ष

आजच्या सभेचे अध्यक्ष आणि आपल्या घाटकोपरच्या दुकानदार मंडळाचे प्रमुख शिवदासशेठ, व्यासपीठावर बसलेले सत्कारमूर्ती अंबादासभाऊ, द्रौपदीवहिनी, आणि भरदुपारी शटरं ओढून आलेल्या बंधू-भगिनींनो,

मी गुणाजी, पाइपलाइनजवळचा दुकानदार. मी काही वक्ता नाही. शेठ म्हणाले, भाऊंचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक तू, तूच बोल. एकतीस वर्षं त्यांचा जिरा सोडा विकला. शनिवारी कारखाना बंद झाला.

का झाला, ते आपण सगळेच जाणतो. मोठ्या कंपनीनं आपल्याला फ्रिज दिले आणि करारावर सह्या घेतल्या, की दुकानात दुसऱ्या कुणाचं थंड पेय ठेवायचं नाही. महिन्याभरात भाऊंचा माल सगळ्या दुकानांतून बाहेर गेला. भाऊ कोर्टात गेले. सह्या दबावाखाली झाल्या, एवढं दाखवायचं होतं. साक्षीदार मी.

दबाव होता. कंपनीचा माणूस म्हणाला होता, "काका, सही नाय केली ना, तर उद्या फ्रिज उचलतो."

हे सांगायलाच तर मी गेलो होतो. पण मी वर्षानुवर्षं वस्तीतल्या लोकांची प्रतिज्ञापत्रं लिहून देतो. कंपनीच्या वकिलानं विचारलं, "सही कशी केलीत?" तोंडात बसलेलं बाहेर आलं, "स्वखुशीनं, अक्कलहुशारीनं, नशापाणी न करता."

लोक हसले. कारकुनानं उतरवून घेतलं. मला सावरता आलं नसतं का? आलं असतं. भाऊंच्या वकिलांनी दोनदा विचारलं, खरंच स्वखुशीनं? दोन्ही वेळा मला माझा फ्रिज दिसला आणि मी मान डोलावली.

बाहेर आल्यावर भाऊ एवढंच म्हणाले, "चल रे गुणाजी, चहा घेऊ." शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तेव्हापासून मला काही वाटेनासं झालंय. आत्ता हार घालतानाही काही वाटलं नाही. वहिनी, हे तुम्हाला सांगायला हवं होतं.

आपण आलात, आभारी आहे. एक सूचना. या हॉलचाही त्याच कंपनीशी करार आहे, त्यामुळे भाऊंचा सोडा आत आणू दिला नाही. शेवटचे चार क्रेट गेटबाहेर टेम्पोत आहेत. कृपया रस्त्यावर उभं राहून प्या.

आज बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर पोटात घाला. कोर्टात जे बोललो त्याची माफी मी मागत नाही, भाऊ. तुम्ही देऊन टाकाल.