रेडिएटरातली हळद

भाऊ ग्यानोबाच्या पोरीच्या लग्नाला कुरुंद्याला निघालेली पद्माबाई बाळापूरच्या स्टँडवर बसची वाट बघत होती. शेजारीच खाजा मिस्त्री एका तापलेल्या जीपमध्ये डोकं घालून उभा होता, जीपवाला पोरगा बाजूला.

"रेडिएटर चोंदलंय, म्हनून इंजन तापून राहिलं. पानी पिवळंजर्द काहून रे?"

"गळत होतं, मिया. हळदीनं गळती थांबते म्हनतेत."

"चिमूटभर टाकतेत! तू किती टाकली?"

"डबाभर."

"या अल्ला! एवढी आनली कुठून?"

"जीपमधीच होती. नवरदेवाची उष्टी हळद, नवरीला लावायला घिऊन चाललो होतो."

पद्माबाई ताडकन उठली. "कोन्या नवरीला रे?"

"कुरुंद्याच्या ग्यानोबाच्या पोरीला."

पद्माबाईनं पिशवीतला आहेराचा तांब्या काढला आन् रेडिएटरखाली धरला.

"खोला, मिया. लेकरू पाटावर बसलं असंल."