कोरडी हवा

(सकाळचे साडेदहा. ओसरीवर नवा, हवेच्या दाबानं रंग फवारायचा कंप्रेसर धडधडतोय. रत्नमाला एका हेल्मेटवर ससाणा रंगवतेय. रत्नमालेचा जीव थाऱ्यावर नाही, आणि सासरे कडुबा काही मशीनपासून हलत नाहीत.)

रत्नमाला : मामा, बंद करा आधी ते! बघा, ऐन ससाण्याच्या डोळ्यावर पाणी उडालं.

कडुबा : पाणी कुठनं येईल? रंग पातळ केला असशील.

रत्नमाला : रंग बरोबर हाय. नळीतनं आलं पाणी. हवेतलं पाणी अडवायचा फिल्टर कुठंय?

कडुबा : खोक्यातच हाय. काय करायचाय? वाळूजच्या कारखान्यात तीस वर्षं गाड्या रंगवल्या. रोज सकाळी हवा मनगटावर घ्यायची, पाणी असलं की लगेच कळतं. आज पण घेतली. ठणठणीत कोरडी.

रत्नमाला : पडलो तरी नाक वर! बाहेर ढग बघा की, दमट हवेत नळीत पाणी धरणारच. बारा वाजता गॅरेजवाला अम्मार येतोय हेल्मेट न्यायला. त्याला पसंत पडलं तर त्याच्या गॅरेजचं सगळं रंगकाम आपलं. नाय तर हायेच, जन्मभर ब्लाउज शिवा.

कडुबा : प्रेशर वाढव जरा.

रत्नमाला : वीस बास हाय. गाडीला मारता तेवढी हवा मारली तर ससाण्याची कोंबडी व्हईल.

कडुबा : तोंड लई चालायलंय तुझं.

रत्नमाला : जीव टांगणीला लागलाय माझा! आणा मनगट इकडं. ही घ्या हवा. आता सांगा.

कडुबा : कोरडी.

रत्नमाला : मामा... थेंब ओघळायलाय की हातावरनं.

कडुबा : (मनगट सदऱ्याला पुसत) मला नाय कळलं.

रत्नमाला : कधीपासनं असं?

कडुबा : दोन वर्षं झाली. आधी बोटं बधिर झाली, मग मनगट. रंगात घालायच्या थिनरनं झालं म्हणत्यात. बुद्धभूषणला सांगू नको. पोरगं माझं लई काळजी करतं, मला कशालाच हात लावू देणार नाय.

रत्नमाला : मला तरी सांगायचं ना!

कडुबा : कसं सांगू? तू म्हणलीस, मामा, मशीन जोडून द्या. रिटायर झाल्यापासनं पहिल्यांदा कुणी काम सांगितलं व्हतं, पोरी.

रत्नमाला : रडवता का आता मला? उठा. टाकीखालचा कॉक सोडा, पाणी काढा. फिल्टर मी बसवते.

कडुबा : अन् डोळा?

रत्नमाला : ओला हाय तोवर पुसते, परत काढते. तुम्ही अम्मारला फोन लावा. एक तास उशिरा ये म्हणावं.

कडुबा : मला कुठं वळखतो तो? कोण बोलतंय म्हणला तर?

रत्नमाला : रत्नमालाकडचा पेंटर बोलतोय म्हणा.