बाबांची झोप आणि बेस गिटार

गिटार मिळाली नाही. हे वाक्य वाचलंच नाही असं समजा, कारण वाद्यांच्या दुकानात बिलाच्या रांगेत ती अजून मुलीच्या हातात होती. शेजारी तिची आई. मागे माउथ ऑर्गन घेतलेला एक शिंपी, ऐकत नसल्याचा चेहरा करून उभा.

“आई, इलेक्ट्रिक बेसला वेगळा स्पीकर लागतो. ही अकूस्टिक घरी तशीच वाजते, कार्यक्रमात वायर जोडायची. आपल्या बजेटमध्ये हीच बसते.”

“बाबांच्या झोपेत बसते का? रात्रपाळी करून दिवसा झोपतो तो माणूस.”

“अगं, वायरीशिवाय हळूच वाजते.”

“तू तर पंखासुद्धा हळूच लावतेस म्हणतेस.”

“आज घेतली नाही तर बँडवाले माझ्याऐवजी दुसऱ्या मुलीला घेणार आहेत. संध्याकाळी सांगायचंय.”

“वाजव मग. अहो भाऊ, तुम्ही जरा हिचे बाबा व्हा.”

“मी?”

“डोळे मिटा. भिंतीपलीकडे झोपलाय असं समजा.”

शिंप्याने निमूट डोळे मिटले. मुलीने वाजवलं. त्याने डोळे उघडले तेव्हा ती श्वास रोखून त्याच्याकडेच बघत होती.

“आलं ऐकू?”

“छे हो ताई. गाढ होतो.”

“मग पाय कशाला हलत होता?”

“मशीन चालवायची सवय.”

“इतकी तालात?”

शिंप्याने मुलीकडे पाहिलं नाही.

“ठेव गं ती जागेवर.”

“ताई, सदर प्रकरणी माझ्या उजव्या पायाची साक्ष ग्राह्य धरण्यात येऊ नये, ही नम्र विनंती.”